रोपांच्या अंथरुणासाठीं काथ्याचा भुसा : त्याची पारख व तयारी

रोपवाटिकेंत वाफ्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे ट्रे आले, आणि त्यांबरोबर मातीच्या जागीं नारळाच्या काथ्याचा भुसा आला. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, फ्लॉवर, कलिंगड इत्यादि पिकांचीं रोपें तयार करणारांपैकीं बहुतेकजण आज हाच भुसा वापरतात. बाजारांत त्याला कोकोपीट म्हणतात. ९८ घरांचा एक ट्रे भरावयास सुमारें सव्वा किलो ओला भुसा लागतो. बियाणें असतें संकरित, दाण्यादाण्यानें मोजून विकत घेतलेलें. अशा वेळीं रोपें दोन पानांवर येऊन पानांच्या कडा करपूं लागल्या, वाढ खुंटली, कांहीं घरें रितींच राहिलीं, कीं शेतकरी दोष बियाण्याला देतो. बियाण्याचा दुकानदार तो हवेवर ढकलतो. आणि ज्याच्यावर रोप निजलेलें आहे त्या अंथरुणाकडे कोणी पाहत नाहीं. वस्तुतः पुष्कळ प्रसंगीं दोष त्या अंथरुणांतील मिठाचा असतो. भुसा विकत घेतांना तें मीठ कसें ओळखावें, व घेतल्यावर तें कसें काढावें, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

भुसा म्हणजे काय

नारळाच्या सोडणांत दोन पदार्थ असतात. एक लांब तंतू, म्हणजे काथ्या, ज्याचे सुंभ, दोर व पायपुसणीं होतात. आणि दुसरा त्या तंतूंना धरून ठेवणारा बुचासारखा मऊ, तपकिरी गर. सोडण यंत्रांत घालून काथ्या वेगळा केला म्हणजे हा गर भुशाच्या रूपानें खालीं पडतो. वजनानें पाहिल्यास सोडणाचा साधारण एकतृतीयांश भाग काथ्या व उरलेला भुसा. म्हणजे ज्या वस्तूसाठीं गिरणी चालते तिच्याहून टाकाऊ मालच दुप्पट! गिरण्यांच्या दारांत भुशाच्या टेकड्या वर्षानुवर्षें पडून राहत, त्या यामुळेंच. पावसांत त्यांतून तांबूस पाणी झिरपून आसपासच्या विहिरींत उतरे, आणि उन्हाळ्यांत ढीग पेटला तर आंतल्या आंत धुमसत राही.

भुसा लवकर कुजत नाहीं, कारण त्यांत लिग्निन नांवाचें काष्ठद्रव्य भरपूर असतें आणि नत्राच्या मानानें कर्ब शंभरपटीहूनही अधिक असतो. शेतांत टाकावयाचें म्हटलें तर हा मोठाच दोष. पण रोपाच्या अंथरुणांत तोच गुण ठरतो. महिनाभरांत तें अंथरूण बसत नाहीं, आंबत नाहीं. तें आपल्या वजनाच्या सात-आठपट पाणी धरून ठेवतें, आणि तरीही मुळांना हवा मिळते. आम्लता साडेपांच ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे भाजीपाल्याच्या रोपांना मानवेल अशी. युरोपांत हें काम पूर्वीपासून दलदलींतल्या पीटवर चालत आलें आहे. परंतु पीट बनावयास हजारों वर्षें लागतात, आणि माडाचा घड दर महिन्या-दीड महिन्यानें उतरतो. परदेशांतून आपल्या भुशाला मागणी आली ती या कारणानें.

मीठ येतें कोठून

माड हा किनाऱ्याचा वृक्ष. कोंकणांत माडाच्या आळ्यांत मीठ घालण्याची जुनी रीत आहे, आणि माडाला क्लोरीन मानवतो हें पुढें शास्त्रज्ञांनींही मान्य केलें. झाड जें जमिनींतून घेतें त्याचा मोठा वांटा सोडणांत सांठतो. पोटॅश तर सोडणांत चांगलाच असतो. शिवाय केरळांत पांढऱ्या काथ्यासाठीं हिरवीं सोडणें खाडीच्या मचूळ पाण्यांत सहा-सहा, दहा-दहा महिने मुरत ठेवतात. त्या भुशांत समुद्राचें मीठही मुरतें. तमिळनाडूंत पोल्लाचीच्या बाजूचा माल समुद्रापासून दूरचा व खाऱ्या पाण्यांत न भिजविलेला असतो, म्हणून कांहीं व्यापारी तो 'बिनमिठाचा' म्हणून खपवितात. सोडियम त्यांत कमी असेल; पण झाडानेंच सांठविलेलें पोटॅश व क्लोराइड कोठें जाणार? तेव्हां माल कोणत्याही गांवचा असो, तपासल्याखेरीज घेऊं नये.

हें मीठ भुशांत दोन प्रकारांनीं राहतें, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. कांहीं मीठ भुशांतल्या ओलाव्यांत सुटें असतें. तें साध्या पाण्यानें धुऊन जातें. कांहीं सोडियम व पोटॅश मात्र भुशाच्या कणांना चिकटून बसलेलें असतें. तें पाण्यानें हालत नाहीं. चोपण जमिनींत जिप्सम कां घालतात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही गोष्ट समजावयास वेळ लागणार नाहीं. तेथेंही सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, आणि कॅल्शियम येऊन त्याला उठविल्यावांचून तो जागा सोडीत नाहीं. भुशाचें तसेंच आहे. नुसत्या धुतलेल्या भुशांत रोप लावून त्याला खत देऊं लागलें, कीं भुसा त्या खतांतला कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतः गिळतो आणि बदल्यांत सोडियम व पोटॅश रोपाच्या मुळाशीं सोडतो. रोपाची कोवळीं पानें वेडींवांकडीं होतात, टोंकें जळतात, आणि शेतकरी खताची मात्रा वाढवितो!

खरेदी

भुसा दोन रूपांत मिळतो : सुटा, पोत्यांत भरलेला; आणि यंत्रानें दाबून केलेल्या कोरड्या विटांच्या रूपांत. लहान वीट ६५० ग्रॅमची व मोठी लादी ५ किलोची असते. ६५० ग्रॅमची वीट सुमारें चार लिटर पाणी पिऊन फुलते व आठ-नऊ लिटर भुसा होतो. ५ किलोच्या लादीला वीस ते पंचवीस लिटर पाणी लागतें व साठ-सत्तर लिटर भुसा निघतो. तेवढ्यांत ९८ घरांचे वीस ते पंचवीस ट्रे भरतात. म्हणजे एका लादीवर दोन-अडीच हजार रोपें अवलंबून असतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवली तर लादीमागें थोड्या रुपयांची बचत करण्याचा मोह आपोआप आवरेल.

सुटा भुसा वजनावर घेणें मला मुळींच पसंत नाहीं. ५० किलोच्या पोत्यांत शेंकडा ७० ओलावा असला तर घेणारानें १५ किलो भुसा आणि ३५ किलो पाणी विकत घेतलें, आणि वर त्या पाण्याचें गाडीभाडें दिलें. गिरणी अगदीं गांवांतच असेल तर मापानें, म्हणजे घनफुटावर सौदा करावा.

लादी घेतांना एक फोडून पाहावी. मूठभर भुसा कांचेच्या बरणींत पाणी घालून ढवळला तर भुसा आधीं तरंगतो व मग सावकाश बसतो. वाळू व माती असेल तर ती लगेच तळाशीं जाते. उघड्या जमिनीवर वाळविलेल्या मालांत मातीबरोबर तणाचें बीही येतें. वास ओल्या मातीसारखा असावा. आंबूस वास येणारा माल परत करावा. अगदीं पिठासारखा बारीक भुसा घेऊं नये, कारण त्यांत हवा राहत नाहीं व मुळें कुजतात. थोडे आंखूड तंतू मिसळलेले बरे. रंगावरून मात्र कांहीं ठरवूं नये. काळसर भुसा जुना असतो एवढेंच कळतें. मीठ डोळ्यांना दिसत नाहीं.

मिठासाठीं दोन परीक्षा आहेत. पहिली ई.सी. मीटरची. पाण्यांत क्षार जितके अधिक तितकी वीज त्यांतून अधिक वाहते, या तत्त्वावर हें खिशांत मावणारें उपकरण चालतें. एक माप फुललेला भुसा व दीड माप पाणी एकत्र ढवळून अर्धा तास ठेवावें, फडक्यांतून गाळावें, आणि त्या पाण्यांत मीटर धरावा. व्यापारांत ०.५ मिलिसीमेनपेक्षां कमी आंकडा आला तर त्या मालास 'कमी ई.सी.'चा म्हणतात, व रोपांसाठीं तोच घ्यावा. कांहीं मीटर मायक्रोसीमेनमध्यें दाखवितात. तेथें हाच आंकडा ५०० असा दिसेल. न धुतलेल्या मालाचा आंकडा याच्या कित्येकपट निघतो. ज्या पाण्यानें परीक्षा केली त्याचा स्वतःचा आंकडा आधीं पाहून वजा करावयास विसरूं नये. विक्रेत्याचा कागद व आपली परीक्षा यांची तुलना करावयाची तर दोघांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. पाणी जास्त घेतलें कीं आंकडा उतरतो, आणि कागदावरचे कित्येक सुंदर आंकडे केवळ पाण्याच्या जोरावर सुंदर झालेले असतात.

दुसरी परीक्षा मीटरवांचून होते, आणि ती घरांतल्या अळिवांवर. अळीव क्षारांना फार नाजूक, व उगवावयास दोन-तीन दिवस पुरतात. एका बशींत विकत आणलेला ओला भुसा व दुसरींत स्वच्छ धुतलेली नदीची वाळू घेऊन प्रत्येकींत मोजून ५० दाणे पेरावे, दोन्ही बशा एकाच जागीं सावलींत ठेवाव्या, पाणीही एकच वापरावें. चौथ्या दिवशीं कोंब मोजावे व मुळांची लांबी पाहावी. भुशांतले कोंब वाळूंतल्यांइतकेच आले व मुळें पांढरीं, सरळ असलीं तर माल चांगला. मुळें आंखूड, टोंकाशीं तांबूस असलीं तर माल अजून धुवावयास हवा. ही परीक्षा करावयास खर्च कांहींच नाहीं, आणि हंगामाच्या पंधरा दिवस आधीं केली तर माल बदलून घ्यावयासही अवधि राहतो.

धुणी

लादी मोठ्या टाकींत ठेवून पाणी थोडें थोडें घालावें. कोमट पाण्यानें ती लवकर फुलते. फुललेला भुसा तरटाच्या पोत्यांत भरून, तळाला भोंकें पाडलेल्या पिंपांत ठेवावा आणि वरून पाणी सोडावें. सगळें पाणी एकदम ओतण्यापेक्षां थोडें घालून, निथळूं देऊन पुन्हां घालणें, यानें कमी पाण्यांत अधिक मीठ निघतें. पहिलें पाणी चहासारखें तांबडें येतें. रंग गेला म्हणजे मीठ गेलें असें समजूं नये. खालीं येणाऱ्या पाण्याचा ई.सी. वर घातलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुणें चालूं ठेवावें. हें पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यांत सोडूं नये. दारांत माड असेल तर त्याच्या आळ्यांत खुशाल जाऊं द्यावें. त्याचेंच मीठ त्यालाच परत मिळतें.

येथें देशावरील शेतकऱ्यांस एक इशारा देणें जरूर आहे. कालव्याखालच्या काळ्या जमिनींत विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं मुळांतच खारवट असतें. ज्या पाण्याचा स्वतःचा ई.सी. दीड आहे त्यानें दहा वेळां धुतलें तरी भुसा दीडाखालीं येणार नाहीं. अशा ठिकाणीं छपरावरचें पावसाचें पाणी टाकींत सांठवून धुण्याच्या शेवटच्या दोन पाळ्या त्यानें कराव्या. तें जमत नसेल तर धुतलेलाच माल घ्यावा. कोंकणांत उलट स्थिति आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस फुकटचा धोबी आहे! आषाढांत भुसा उतरत्या फरसबंद खळ्यावर वीतभर थरांत पसरून ठेवावा व दोन-तीनदां उलथावा. मातीवर पसरूं नये, व वाहतें पाणी विहिरीकडे जाणार नाहीं असा चर काढावा.

कॅल्शियमचें मुरवण

धुऊन झाल्यावर ५ किलोच्या एका लादीस सुमारें १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, १५ ते २० लिटर पाण्यांत विरघळवून, त्यांत भुसा एक दिवस व एक रात्र बुडवून ठेवावा. ठिबकांतून देण्यासाठीं जें पांढरें, दाणेदार खत मिळतें तेंच हें. दुसऱ्या दिवशीं पाणी निथळूं द्यावें व स्वच्छ पाण्यानें एकदां धुवावें. उठलेला सोडियम व पोटॅश या शेवटच्या धुण्यांत निघून जातो. हें धुणें टाळलें तर सारा खटाटोप फुकट. मॅग्नेशियम सल्फेट द्यावयाचें असल्यास तें निराळ्या पाण्यांत द्यावें. दोन्ही दाट पाणीं एकत्र केलीं तर जिप्समचा सांका तळाशीं बसतो व दोन्ही खतें वायां जातात. चुना घालूं नये, त्यानें आम्लता जाते. नायट्रेटचें पाणी गुरें पितील अशा जागीं उघडें ठेवूं नये; नायट्रेट गुरांना विषारी आहे.

बाजारांत 'धुतलेला' व 'बफर केलेला' असे दोन माल मिळतात; पहिला नुसत्या पाण्याचा व दुसरा कॅल्शियमनें मुरविलेला. दुसरा महाग असतो. पन्नास-शंभर ट्रे करणारानें धुतलेला माल घेऊन मुरवण घरींच करावें, असें माझें मत आहे. हजारों ट्रे भरणाराला तेवढी टाकी, पाणी व मजूर परवडणार नाहींत, त्यानें मुरविलेला घ्यावा, पण प्रत्येक गाडींतली एक लादी अळिवांवर तपासावी. तयार भुशांत अन्न असें फारसें नसतें. रोपाला पहिलें खरें पान फुटल्यापासून अगदीं सौम्य विद्राव्य खत द्यावें लागतें, हें मातीच्या वाफ्याची संवय असलेल्यांनीं लक्षांत ठेवावें.

शेतांत घालण्यासाठीं

ज्यांच्या गांवीं काथ्याची गिरणी आहे त्यांनीं कच्चा भुसा तसाच शेतांत नांगरूं नये. तो कुजतांना जमिनींतलें नत्र ओढून घेतो. केंद्र सरकारच्या १९५३ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या कॉयर बोर्डानें व तमिळनाडू कृषि विद्यापीठानें धिंगरी अळंबीच्या साह्यानें त्याचें खत करण्याची रीत रूढ केली आहे. एक टन भुशास ५ किलो युरिया व दीड किलो अळंबीचें बियाणें, आळीपाळीनें थरांत घालून, सावलींत ओलावा राखून ठेवतात. अळंबी लिग्निन खाते. दोन महिन्यांत भुसा काळा व हलका होतो आणि कर्ब-नत्राचें प्रमाण २४ च्या सुमारास येतें.

जनावरांचें अंथरूण

गोठ्यांत व कोंबड्यांच्या खुराड्यांत हा भुसा अंथरला तर मूत्र शोषून घेतो, आणि पुढें तें अंथरूण उकिरड्यांत गेलें म्हणजे त्याला हवें असलेलें नत्रही आयतेंच मिळालेलें असतें. परदेशांत मात्र एक निराळाच गिऱ्हाईक आहे, आणि विटा करून विकणाऱ्या आपल्या शेतकरी-मंडळींस त्याची माहिती असावी. युरोप-अमेरिकेंत लोक जमिनीवरचीं कांसवें घरांत पाळतात आणि त्यांच्या पेटींत नारळाचा भुसा मातीशीं मिसळून अंथरतात. आफ्रिकेंतल्या एका जातीच्या पिल्लांवर २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं कोरड्या हवेंत वाढलेल्यांच्या पाठीवर उंचवटे येतात व दमट हवेंत पाठ गुळगुळीत राहते. सबब ते लोक तळाचा थर ओलसर व वरचा कोरडा ठेवतात. सगळेंच ओलें व गार राहिलें तर पोटाकडचें कवच कुजतें, आणि सगळेंच कोरडें झालें तर बारीक धूळ डोळ्यांत जाते. लांब तंतू त्यांना नको असतात, कारण ते पायांना गुंडाळतात व पोटांत जातात.

आपल्याकडे ही हौस करतां येत नाहीं. चांदण्यांचें कांसव, ज्याच्या पाठीवर पिंवळ्या रेघांच्या चांदण्या असतात, तें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतें. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टांत त्याचा समावेश होऊन व्यापारासाठीं त्याची देवघेव बंद झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें तें कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत गेलें. बांधावर सांपडलें तर घरीं आणूं नये. सुखरूप असेल तर आपल्या वाटेनें जाऊं द्यावें, जखमी असेल तर वनखात्यास कळवावें. पाळण्यासाठीं मागणाऱ्यास तर मुळींच देऊं नये.

मालापुरती गोष्ट एवढी, कीं कांसवें अंथरुणांतलेंही थोडें खातात. म्हणून जनावरांसाठीं जाणारा भुसा नुसत्या पाण्यानें धुतलेला व चाळलेला असावा, त्यांत कॅल्शियम नायट्रेट अथवा दुसरें कोणतेंही खत नसावें. एकाच खळ्यावर दोन्ही माल तयार होत असतील तर मुरवणाच्या टाक्या व फावडीं निराळीं ठेवावीं, आणि नायट्रेटांत मुरविलेल्या पोत्यांचीं तोंडें वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानें शिवून वर 'फक्त रोपांसाठीं' असें ठळक लिहावें.